गुडघेवाली बाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या रविवार पुरवणीत शनेल मिलर या अमेरिकन लेखिका-चित्रकर्तीवर पानभर लेख आला. मथळा होता ‘राखेतून भरारी’. लेख मनापासून लिहिलेला आहे आणि लेखिकेला मला बोल लावायचा नाही. माझी तक्रार आधी चित्राबद्दल आहे. लेखाबद्दलही थोडी आहे, पण ती चित्रातूनच निघते.

चित्र असं होतं: कोपऱ्यात बसलेली एक मुलगी. गुडघे छातीशी घेतलेले, त्यांवर कपाळ टेकलेलं, केस पुढे पडलेले, त्यामुळे चेहरा नाहीच. मागे भिंतीवर पुरुषाच्या पंजाची सावली. खाली काढणाऱ्याचं नाव नाही.

मी गेली 26 वर्षं मासिकांसाठी आणि पुरवण्यांसाठी चित्रं काढते, अधूनमधून कथा लिहिते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोघीतिघी आणि मी या चित्राला ‘गुडघेवाली बाई’ म्हणायचो. फोन यायचा, “दोन कॉलमची जागा आहे, चारपर्यंत द्या, अत्याचाराचा विषय आहे, नेहमीचं चालेल.” नेहमीचं म्हणजे हेच. मी स्वतः ही बाई चार वेळा काढून दिली आहे. वीस मिनिटं लागतात. चेहरा काढावा लागत नाही, म्हणून वेळ वाचतो. हात गुडघ्यांभोवती गुंडाळले की बोटंही निम्मी झाकली जातात, आणि बोटांइतका वेळ दुसरं काहीच खात नाही. केसांचा काळा भाग ब्रशने एका दमात भरायचा, पंजाच्या सावलीसाठी शाईत पाणी घालायचं, की झालं. एकदा तर मी आधीचंच चित्र आरशातल्यासारखं उलटं करून दिलं होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही.

पाचव्यांदा फोन आला तेव्हा मी “नाही जमणार” म्हटलं. कारण सांगितलं नाही. कारण असं होतं की पाच महिन्यांपूर्वी कामामुळे ओळखीच्या झालेल्या एका माणसाने माझ्यावर बलात्कार केला होता, आणि त्या पाच महिन्यांत मी एकदाही गुडघे जवळ घेऊन कोपऱ्यात बसले नव्हते. मी आवरत होते. सारखी आवरत होते. ब्रश आधी जाडीप्रमाणे लावले, मग लांबीप्रमाणे, मग पुन्हा जाडीप्रमाणे. बिलं तारखेच्या आधी भरली. लोकांशी त्यांच्या डोळ्यांत बघून बोलायला लागले, एरवी मी तशी बोलत नाही. त्या दिवसांत कोणी माझं चित्र काढलं असतं तर एक टापटीप, जरा जास्तच हसरी बाई निघाली असती. वाचकांनी विचारलं असतं, हिला काय झालंय?

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. तपशील देणार नाही. ज्यांना द्यायचे होते त्यांना देऊन झाले, आणि त्याचं पुढे काय झालं हा या पत्राचा विषय नाही.

वर मी एक वाक्य लिहिलं आहे, ‘एका माणसाने माझ्यावर बलात्कार केला.’ हे वाक्य पहिल्यांदा कागदावर उतरायला मला चार वर्षं लागली. त्याआधी माझ्या वहीत सगळीकडे ‘ते झालं’, ‘ते झाल्यापासून’, ‘त्या दिवशीचं’ असं आहे. मराठीतलं ‘झालं’ फार सोयीचं आहे. पाऊस झाला, उशीर झाला, तसं हेही झालं. करणारा कोणीच नाही. आपण वृत्तपत्रवाले त्यात भर घालता. ‘अतिप्रसंग ओढवला.’ म्हणजे प्रसंगच जरा अति झाला, आणि तोही बिचारा आपणहून चालत आला. ‘अब्रू लुटली.’ जणू ती माझ्या पर्समध्ये होती. ‘विनयभंग’ तर कोणी फोडून बघतच नाही: विनय तिचा, भंगलाही तिचाच. जबाबाच्या भाषेत निदान ‘सदर इसमाने’ होतं. ते मला वाचून दाखवलं तेव्हा वाटलं, ही ‘मी’ कोण बाई आहे, इतकं जड मराठी बोलणारी? पण त्या ‘इसमाने’त एक ‘ने’ होता. ने, ए, शी, अशी शाळेत घोकलेली तृतीया. करणाऱ्याला दावणीला बांधणारा एवढासा प्रत्यय. तोच माझ्या हातून पडत नव्हता.

तो पडला 2016 च्या जूनमध्ये, आणि त्याचं श्रेय या शनेल मिलरलाच आहे. तेव्हा तिचं नाव जगाला माहीत नव्हतं. स्टॅनफर्डमधल्या एका विद्यार्थ्याने तिच्यावर लैंगिक अत्याचार केला होता, आणि न्यायालयात आणि बातम्यांत ती ‘एमिली डो’ या टोपणनावाने होती. शिक्षा सुनावण्याच्या दिवशी तिने जे निवेदन वाचलं ते दुसऱ्याच दिवशी इंटरनेटवर आलं आणि लाखो लोकांपर्यंत गेलं. पुढे अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात सदस्यांनी ते आळीपाळीने वाचलं. मी ते एका बैठकीत वाचलं आणि लगेच मराठीत उतरवायला घेतलं. छापण्यासाठी नाही, स्वतःसाठी. आणि पहिल्याच शब्दाला अडले.

कारण ती सरळ त्या मुलाकडे वळून बोलते. द्वितीयपुरुषात. इंग्रजीचा एकच शब्द तिला पुरला. मराठीत मला ठरवावं लागलं: तू की तुम्ही? ‘तुम्ही’ लिहिलं तर त्याला आपणच खुर्ची दिल्यासारखं वाटलं. ‘तू’ लिहिलं तर सलगी वाटली, अंगावर काटा आला. दोन दिवस कागद तसाच होता. ‘आपण’ही लिहून पाहिलं, न्यायालयात शोभेलसं, आणि मलाच हसू आलं. शेवटी ‘तू’ ठेवलं. तू आईला म्हणतात, देवालाही म्हणतात, आणि चोराला पकडल्यावरही ‘तू’च म्हणतात. एकदा ‘तू’ ठरल्यावर पुढचं भराभर उतरलं, आणि मधेच कुठेतरी मी तिचं सोडून माझं लिहू लागले होते. ‘तू केलंस.’ नंतर माझ्या वहीत: ‘त्याने केलं.’

आता लेखाकडे येते. त्यात दिलेली हकिकत बरोबर आहे: 2015 चा जानेवारी, स्टॅनफर्ड विद्यापीठाचा परिसर, बेशुद्ध पडलेली 22 वर्षांची मुलगी, सायकलवरून चाललेले दोन स्वीडिश विद्यार्थी, त्यांनी पळत्या मुलाला धरून ठेवणं, ज्युरीने तीन गुन्ह्यांत दोषी ठरवणं, सहा महिन्यांची शिक्षा, त्यातले तीनच महिने तुरुंगात. त्या मुलाचं नाव आपल्या लेखात अकरा वेळा आलं आहे, मी इथे ते लिहीत नाही. एक गोष्ट मात्र राहिली, आणि ती नेमकी बातमीदारीबद्दलची आहे म्हणून सांगते. त्या रात्रीचं तिला काही आठवत नव्हतं. आपण कुठे, कशा अवस्थेत सापडलो याचे तपशील तिला कामाच्या जागी फोनवर एक बातमी वाचताना कळले. बाकी सगळ्या अनोळखी वाचकांना कळले तेव्हाच. आणि बातमीच्या शेवटी त्या मुलाच्या पोहण्याच्या शर्यतीतल्या वेळा दिल्या होत्या. तो चांगला पोहायचा.

मी पेन्सिल घेऊन आपला लेख मोजला. सवयच आहे, जागा मोजून चित्रं काढणारी माणसं आम्ही. चौदा परिच्छेद. नऊ त्या रात्रीचे आणि खटल्याचे. तीन निवेदनाचे. एक परिच्छेद 2019 मध्ये तिने स्वतःच्या नावाने लिहिलेल्या आत्मकथनाचा. उरलेल्या एकात दोन-तीन गोष्टी कोंबलेल्या, त्यांत ‘तिने चित्रंही काढली’ हे अर्धं वाक्य. मोज्यांना शून्य.

मोजे कुठले, असं वाटलं असेल.

2024 मध्ये तिने मुलांसाठी एक पुस्तक लिहिलं, चित्रंही तिचीच. न्यूयॉर्कमधली जवळजवळ दहा वर्षांची एक मुलगी, तिच्या आईवडिलांची कपडे धुण्याची लॉन्ड्री. तिथे लोकांचे एकेक मोजे मागे राहतात. ही मुलगी ते एका फळ्यावर लावून ठेवते आणि नव्या मैत्रिणीला घेऊन मोज्यांचे मालक शोधत शहरभर हिंडते. एवढीच गोष्ट. 2025 मध्ये या पुस्तकाला अमेरिकेतल्या बालसाहित्याचा न्यूबेरी सन्मान मिळाला. मूळ पदक दुसऱ्या पुस्तकाला गेलं, पण हाही काही लहानसहान मान नाही.

ज्या बाईवर आपण ‘आवाज परत मिळवणारी’ म्हणून पानभर लिहिता, तिने तो मिळाल्यावर काय म्हटलं हे वाचकांना कळायला नको? तिने म्हटलं: कोणाचा तरी मोजा हरवलाय. माझ्या लेखी ‘राखेतून भरारी’पेक्षा ही बातमी मोठी आहे. राखेवर तर सगळेच लिहितात.

तिच्या चित्रांचंही तसंच. 2020 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एशियन आर्ट म्युझियममध्ये तिचं लांबलचक भित्तिचित्र लागलं, काचेतून रस्त्यावरूनही दिसेल असं. तीन आकृत्या, साध्या जाड काळ्या रेषांच्या. एक अंग मुडपून रडणारी, एक मांडी घालून बसलेली, एक उठून चालू लागलेली. नाव मराठीत सांगायचं तर: मी होते, मी आहे, मी असेन. बघा, रडणारी बाई तिनेही काढली आहे! पण ती तिथे एकटी नाही, आणि तिच्या पाठीशी कोणाच्या पंजाची सावली नाही. शिवाय चित्राखाली काढणारीचं नाव आहे. आणि निवेदनातही एक चित्र आहे, ते तरी आपल्या चित्रकाराला सापडायला हवं होतं. आपण दोन सायकली काढून पलंगाच्या वर चिकटवल्या आहेत, असं तिने त्यात सांगितलं आहे. त्या दोन विद्यार्थ्यांच्या सायकली. तेव्हा पुरवणीच्या पानावर दोन सायकली चालल्या असत्या. सायकल काढायला मात्र वीस मिनिटं पुरत नाहीत, आरे फार असतात.

आता माझ्या पाणघोड्याचं सांगते, म्हणजे मी एवढी का चिडले आहे ते कळेल.

त्या घटनेनंतर दीडएक वर्ष मला माणूस काढता येत नव्हता. वस्तू जमत होत्या. खुर्ची, छत्री, दाराची कडी, चष्मा. माणसाची मान काढायला गेले की हात थांबायचा, खांद्यापर्यंत तर पोचायचाच नाही. बाहेरचं काम जवळजवळ बंद पडलं. मग मुलांच्या एका मासिकाकडून गोष्ट आली: पाणघोड्याची दाढ दुखते आणि त्याच्या एवढ्या मोठ्या जबड्यात नेमकी कोणती दाढ दुखते हे कोणालाच सापडत नाही. मी आठवडाभर पाणघोड्याचे दात काढले. सुळे वेडेवाकडे, जीभ फळीसारखी, आत टॉर्च घेऊन शिरलेला एक बगळा. सहाव्या दिवशी बगळ्याचा चष्मा काढताना मी एकटीच मोठ्याने हसले. दचकून इकडेतिकडे पाहिलं, कोण हसलं म्हणून. त्याच चित्राच्या कडेला मी गर्दीतली एक म्हातारी काढली, मान, खांदे, हात, सगळ्यासकट. काढून झाल्यावर कळलं की काढली.

माझा आवाज परत आला तो तिथे. चार वर्षांनी वहीत लिहिलेलं वाक्य महत्त्वाचं होतंच, मी ते कमी लेखत नाही. पण ते लिहायला जो हात लागला तो पाणघोड्याने दिलेला होता.

सहा वर्षांपूर्वी एका छोट्या कार्यक्रमात मी माझ्याबद्दल जाहीरपणे बोलले. लोकांनी शांतपणे ऐकलं, दोघीजणी नंतर येऊन हात धरून गेल्या, त्या भेटी मी विसरणार नाही. महिन्याभराने एका अभ्यासू गृहस्थांनी माझ्या चित्रांवर लिहिलं. त्यात पाणघोडा होता. त्याचा उघडा जबडा म्हणजे माझा ‘दबलेला आक्रोश’ होता. बगळा म्हणजे घुसखोरी करणारी पुरुषी नजर. टॉर्च म्हणजे काय ते मी इथे लिहीत नाही. अहो, त्याची दाढ दुखत होती! तेव्हापासून मी छत्री काढली तरी लोक मिटलेली आहे की उघडी ते बघतात. आधी माझ्या तोंडात शब्द नव्हता. आता शब्द पुष्कळ होते, पण कोणताही उच्चारला तरी ऐकणाऱ्याला एकच ऐकू येत होता.

हे दुखणं जुनं आहे. रोममधली चित्रकार आर्तेमिसिया जेंतिलेस्की. 1611 मध्ये तिच्या वडिलांच्या परिचयातल्या, त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या तास्सी नावाच्या चित्रकाराने तिच्यावर बलात्कार केला. 1612 मध्ये खटला चालला, काही महिने. ती खरं बोलते की नाही हे पाहण्यासाठी तिच्या बोटांना दोऱ्या बांधून त्या आवळल्या गेल्या. चित्रकाराच्या बोटांना. ती “खरं आहे, खरं आहे” म्हणत राहिली, आणि ते कागदपत्र अजून आहेत. तिने बायबलमधल्या कथेतली, होलोफर्नीस या शत्रू सेनापतीचं मुंडकं कापणारी जूडिथ रंगवली, ते चित्र सगळीकडे ‘तिचा सूड’ म्हणून छापलं जातं. असेलही. पण जूडिथचा विषय त्या काळी पुष्कळांनी हाताळला होता, खुद्द कारावाज्जो या नामवंत चित्रकाराने तिच्या आधी. त्याला कोणी विचारत नाही, बाबा रे, तुझ्यावर कोणी काय केलं होतं? आर्तेमिसिया त्यानंतर चाळीसेक वर्षं चित्रं काढत होती. 1616 मध्ये फ्लॉरेन्सच्या चित्रकारांच्या अकादमीत प्रवेश मिळालेली ती पहिली स्त्री.

मला तिचं सगळ्यात आवडतं ते 1649 मधलं एक पत्र. खटल्यात तिने आपल्याला लिहिता येत नाही असं सांगितलं होतं, नंतर शिकली. या पत्रात ती एका श्रीमंत गिऱ्हाइकाला बजावते की मी कच्ची रेखाटनं आधी पाठवणार नाही. पूर्वी एकाने तिचं रेखाटन घेतलं आणि त्यावरून चित्र मात्र दुसऱ्या चित्रकाराकडून करून घेतलं, म्हणून. हे वाचून मी टेबलावर हात आपटला. हे माझ्याबाबतीत तीनदा घडलं आहे! पावणेचारशे वर्षांपूर्वीची ही बाई कामाच्या मोबदल्यावरून भांडते आहे, ठणकावून, आणि त्या आवाजात तास्सी कुठेही नाही.

मराठीत ‘वाचा बसणे’ म्हणतात. माया अँजेलो या अमेरिकन कवयित्रीची ती लहानपणी अक्षरशः बसली होती. आईच्या मित्राने तिच्यावर अत्याचार केला, तिने त्याचं नाव सांगितलं, आणि थोड्याच दिवसांत त्याचा खून झाला. आपल्या बोलण्याने माणूस मेला असं वाटून ती जवळजवळ पाच वर्षं बोलायची थांबली. तिला पुन्हा बोलतं केलं ते ओळखीच्या एका बाईंनी. त्यांनी तिला पुस्तकं दिली आणि ती मोठ्याने वाच म्हणून सांगितलं. दुसऱ्यांच्या कविता म्हणता म्हणता ती बोलू लागली. आपल्या भाषेत ‘वाचा’, ‘वाचणं’ आणि जीव ‘वाचणं’ हे किती जवळ बसलेत. ‘पीडिता’ऐवजी ‘वाचलेली’ म्हणा, असं मी एकदा एका उपसंपादकांना सुचवलं होतं. ते म्हणाले, “काय वाचलेली?” मी म्हटलं, “पुष्कळ काही.” त्यांनी ‘पीडिता’च छापलं.

माझं असं म्हणणं नाही की बायांनी त्या गोष्टीवर लिहू नये, काढू नये. माझ्याही कपाटात त्यावरची चौदा चित्रं आहेत आणि ती चांगली आहेत. कधीतरी दाखवीन. तेव्हा त्यांना चित्रं म्हणून नावं ठेवा, रेष कुठे ढिली पडली ते सांगा. ‘धाडसी’ म्हणून पाठ थोपटू नका. ‘धाडसी’ हा शब्द माझ्या रेषेबद्दल आजवर कोणी वापरला नाही, फक्त माझ्याबद्दल वापरतात.

आपली अडचणही मला कळते. मोज्यांच्या पुस्तकावर पानभर लेख कोण वाचणार, मथळा काय देणार. निदान शेवटचे तीन परिच्छेद तरी द्यायचे, एवढंच.

पुढे पुन्हा असा विषय आला आणि दोन कॉलमची जागा असली तर मला कळवा, मी चित्र काढून देईन. त्या लेखातल्या बाईने खरोखर काय केलं ते आधी पाठवा, म्हणजे तेच काढेन. कच्चं रेखाटन आधी मिळणार नाही. चित्राखाली माझं पूर्ण नाव छापा, बारीक टाइपात चालेल. या पत्राखाली छापू नका.

आपली,
एक वाचक
(नाव व पत्ता संपादकांकडे)